जिवतीचा शुक्रवार, स्कायलॅबचा बुधवार

पालघर-बोईसर पट्ट्यातल्या सत्तरीपुढच्या माणसांच्या जन्मतारखा एका कागदावर उतरवून काढल्या, तर परक्या माणसाचा असा समज होईल की इथे पूर्वी मुलं वर्षातून एकदाच, १ जूनला होत असत. पहाटे सुरुवात, दिवेलागणीपर्यंत सगळ्या सुइणी मोकळ्या, की पुढच्या १ जूनपर्यंत गावाला स्वस्थता. हे सगळं श्रेय गुरुजींचं. जूनमध्ये शाळा उघडायची. बाप पोराला बखोट धरून हजर करायचा. गुरुजी विचारायचे, "कधीचा हा?" बाप म्हणायचा, "आवणी चालली होती बघा." रजिस्टरात आवणीला रकाना नव्हता. मग गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का ते बघत, पोचला तर सहा वर्षं भरली असं धरत आणि उलटी वजाबाकी करून १ जून ठोकून देत. लांब हाताची पोरं या हिशेबात वर्षभर आधी जन्मली, आणि पुढे नोकरीतून वर्षभर आधी घरीही बसली.

माझ्या थोरल्या आत्याच्या नशिबी तेवढंही नव्हतं. ती शाळेत गेली ती धाकट्या भावाला पोचवायला. त्यामुळे तिच्या जन्माची सरकारदरबारी नोंद अशी नाही, आणि सरकारलाही जवळजवळ सत्तर वर्षं तिचं वय विचारायची गरज पडली नाही. माहेर उमरोळीजवळच्या वाडीतलं, सासर बोईसरजवळ. पश्चिम रेल्वेवर उमरोळीनंतरचं स्टेशन बोईसर. म्हणजे जन्मापासून आजवरचा तिचा एकूण प्रवास एक स्टेशन. त्या एका स्टेशनाच्या टापूत राहून तिने जेवढा इतिहास अंगावर घेतला, तेवढा बऱ्याच प्राध्यापकांना पेन्शन लागेपर्यंत शिकवून होत नाही.

वयाचा प्रश्न प्रथम आला तो आधार कार्डाच्या वेळी, २०११ साली. रांग लांबलचक, कॉम्प्युटरवरचा मुलगा घाईत. "आजी, वय?" "असेन साठ," आत्या म्हणाली. नंतर घरी आल्यावर तिने खुलासा केला की मागे एक बाई पोर घेऊन ताटकळत होती, म्हणून पटकन तोंडात आला तो आकडा सांगितला. यंत्राने १ जानेवारी १९५१ अशी तारीख बनवली. भाव करताना भाजीवाल्याला सांगावा तसा सांगितलेला हा आकडा आता कायमचा झाला.

२६ ऑगस्ट २०२२पासून एसटीने पंचाहत्तरी पुरी केलेल्यांना फुकट प्रवास दिला. आत्या मोठ्या डौलात धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन तारापूरच्या गाडीत चढली. कंडक्टरने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "आजी, तुम्ही एकाहत्तर. तुमचं अर्धं तिकीट."

"अरे बाबा, हा माझा भाऊ सत्त्याहत्तरचा आहे. त्याला मी कडेवर घेऊन फिरवलाय!"

"मग भाऊ फुकट," कंडक्टर म्हणाला आणि अर्धं तिकीट फाडून तिच्या हातात ठेवलं.

पुढच्या मार्चमध्ये, १७ तारखेला, सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं. आत्याचा खरा संताप तेव्हा उसळला. "सुनेला अर्धं, नातीला अर्धं, आणि मलाही अर्धंच. मग म्हातारी होऊन मी मिळवलं काय?"

तेव्हा तिचा जन्म एकदाचा सिद्ध करायचाच असं घरात ठरलं. पुरावा एकच होता: आजीचं वाक्य. आजी हयात असताना ते शेकडो वेळा बोलली होती. "जिवतीचा शुक्रवार, बाहेर धोधो पाऊस, आणि घरात पुरुष माणूस एक नाही. गोळीबाराचं साल."

साल सोपं होतं. १४ ऑगस्ट १९४२. मुंबईत 'चले जाव'चा ठराव होऊन आठवडाही झाला नव्हता. गावोगावचे लोक पालघरच्या कचेरीवर चालून गेले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, रामप्रसाद तिवारी आणि सुकुर मोरे हे पाच जण गेले. पालघरच्या भर चौकात त्यांचा हुतात्मा स्तंभ आहे आणि दर १४ ऑगस्टला गाव तिथे जमतं.

आमचे आजोबा त्या मोर्चात होते. तसे या तालुक्यात सगळ्यांचेच आजोबा त्या मोर्चात होते. नातवंडांच्या सांगण्यावर भरवसा ठेवायचा तर मोर्चाचं एक टोक कचेरीच्या दाराशी आणि दुसरं डहाणूच्या खाडीत होतं. जे पाच खरोखर पुढे होते त्यांच्या घरचे लोक मात्र या विषयावर कमी बोलतात, असं मी पाहिलं आहे. आजोबा मोर्चाचं वर्णन फार रंगवून करत: घोषणा, पाऊस, धूर, पळापळ. आजी पलीकडे भात निवडत असायची. ते थांबले की ती शांतपणे म्हणायची, "गेले असतील मोर्चाला. मी सुईणीला बोलवायला पाठवलं होतं."

मी हिशेब मांडून पाहिला. १४ ऑगस्ट १९४२ला खरोखरच शुक्रवार होता आणि श्रावण नुकताच लागला होता. म्हणजे जिवतीचा पहिला शुक्रवार. पाऊस असणारच. पुरुष माणूस घरात नव्हता याला मोर्चाचा दाखला. सगळं जुळलं. मग वडिलांनी शंका काढली की त्या श्रावणात शुक्रवार चार होते. उरलेल्या तीन शुक्रवारी मोर्चा नव्हता हे खरं, पण आजोबा घरात नसायला मोर्चाच लागत असे असंही नाही. यावर कोणी काही बोललं नाही. आत्याने पहिला शुक्रवार पसंत केला आणि ठराव पास झाला. सरकारी कार्ड मात्र तसंच राहिलं, कारण जिवतीच्या फोटोवर कोणाचा सही-शिक्का नसतो.

या निमित्ताने घरात बसून तिचं अख्खं आयुष्य तारखांनिशी लावायचा प्रयत्न केला तेव्हा कळलं की आत्याकडे सन असा नाहीच. तिच्याकडे घटना आहेत. तिच्या लेखी इतिहास म्हणजे भिंतीतली खुंटी. कोणी ठोकली, कशासाठी ठोकली, याच्याशी तिला कर्तव्य नाही; आपली पिशवी अडकवता आली की झालं. गांधीहत्या म्हणजे आमच्या दुसऱ्या आत्याचं बारसं पुढे ढकललं गेलं ते. नवे पैसे आले, १ एप्रिल १९५७ला, ते वर्ष म्हणजे आजोबांनी दुकानदाराशी आयुष्यभराचा अबोला धरला ते. आण्याचे पैसे करताना दुकानदार प्रत्येक वेळी स्वतःच्याच बाजूला झुकतो असा आजोबांचा आरोप होता. चार आण्याचं नाणं सरकारने ३० जून २०११ला कायमचं बंद केलं. आत्याच्या बोलण्यात ते अजून चालतं, आणि कोथिंबिरीच्या भावाबद्दल बोलताना सर्रास चालतं.

बरं, बाईने जागा सोडली नाही तरी तिचा पत्ता किती वेळा बदलावा? ती जन्मली ब्रिटिशांच्या मुंबई प्रांतात. मग झालं मुंबई राज्य. १ नोव्हेंबर १९५६ला त्याचं अवाढव्य द्वैभाषिक झालं. १ मे १९६०ला महाराष्ट्र. १ ऑगस्ट २०१४ला ठाणे जिल्हा मोडून पालघर हा राज्याचा ३६वा जिल्हा झाला. या सगळ्या उलथापालथीत घराचं एक कौल हललं नाही. तरी आम्ही नशीबवान. आमच्या एक मावसआजी उंबरगावच्या. तो तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात. ३० एप्रिल १९६०ला रात्री त्या मुंबई राज्यात झोपल्या आणि सकाळी उठल्या त्या गुजरातमध्ये. पाणी तापवायचा बंब तोच, शेजारीण तीच, माशाची टोपली घेऊन येणारी तीच, फक्त आता पत्र पाठवलं की माहेरचे लोक म्हणायचे, "परराज्यातून आलं."

आत्याचं लग्न झालं १९६३च्या वैशाखात. ही तारीख मात्र तिला पक्की ठाऊक आहे, आणि त्याला कारण मोरारजी देसाई. त्या वर्षीच्या जानेवारीत अर्थमंत्री मोरारजीभाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चीनचं युद्ध नुकतंच संपलेलं, परकीय चलनाची तंगी, सोन्याची चोरटी आयात थांबवायची होती. हुकूम निघाला: १४ कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही. देशभरातल्या सोनारांच्या हातचं काम गेलं, आणि आमच्या आत्याचं सौभाग्य चौदावर आलं. आजोबांनी सोनाराची पुष्कळ विनवणी केली. सोनार म्हणाला, "नाना, तुमच्या पोरीच्या हातात बांगड्या घालायच्या म्हणून माझ्या हातात बेड्या पडतील."

घातलेला दागिना पिवळा दिसायचा, पण आत्याला तो कधीच पिवळा दिसला नाही. पुढे धाकट्या बहिणींची लग्नं बावीस कॅरेटमध्ये झाली तेव्हा प्रत्येक मांडवात तिने आपल्या मंगळसूत्राच्या वाट्या उजेडात धरून बघितल्या. देशाच्या आर्थिक धोरणावर माझ्या पाहण्यात एवढी प्रदीर्घ टीका दुसऱ्या कोणी केलेली नाही. बाईने चीन कुठे आहे हे कधी विचारलं नाही. तिचं भांडण थेट अर्थमंत्र्यांशी होतं.

लग्नानंतर तीनेक महिन्यांत, ऑगस्ट १९६३मध्ये, भारत आणि अमेरिकेत तारापूरच्या अणुवीज केंद्राचा करार झाला. आता हा योगायोग आहे हे मला समजतं. पण सासरी आत्याच्या पायगुणाची चर्चा बरीच वर्षं टिकली. काकांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, मुकादमाच्या हाताखाली बांधकामावर काम मिळालं. होमी भाभांनी ही जागा निवडली ती विचार करून: कोळशाच्या खाणी लांब, मुंबई आणि अहमदाबाद दोन्ही विजेला भुकेलेली आणि मधोमध समुद्राचं थंड पाणी. भाभांना केंद्र सुरू झालेलं पाहायला मिळालं नाही. जानेवारी १९६६मध्ये माँ ब्लाँवर त्यांचं विमान कोसळलं. काकांना मात्र सगळं पाहायला मिळालं, आणि रोज संध्याकाळी घरी येऊन ते आत्याला समजावून सांगणं भाग पडलं.

"एवढं मोठं बांधताहेत, त्यात करणार काय?"

"पाणी उकळणार."

"पाणी?"

"पाणी उकळायचं, वाफ करायची, वाफेवर चाक फिरवायचं, चाकातून वीज."

"आणि पाणी उकळायला अमेरिकेहून माणसं आणली?"

काकांपाशी उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शास्त्राच्या दृष्टीनेही नाही. जनरल इलेक्ट्रिकने इथे बसवलेल्या दोन्ही अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्याच होत्या. युरेनियम, नियंत्रण दांडे, जाडजूड भिंती, हे सगळं अखेर चहाच्या आधणापाशीच येऊन थांबतं. अणुयुगाचं आत्याने केलेलं हे वर्णन मी नंतर एका इंजिनिअरला सांगितलं. तो जरा विचार करून म्हणाला, "पाठ्यपुस्तकात एवढं सुटसुटीत नाही."

१९६९ हे वर्ष तर जगाने अगदी एका श्वासात उरकलं. १९ जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण, त्यानंतर दोन दिवसांत माणूस चंद्रावर, आणि २८ ऑक्टोबरपासून तारापूरची वीज विकायला तयार. २१० मेगावॅटचे दोन संच, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. आत्याच्या घरी त्या वर्षी काय झालं? दुसरा मुलगा झाला, आणि कंदिलाची काच फुटली. नवी काच आणायला पालघरला जावं लागलं. तारापूरची वीज महाराष्ट्र आणि गुजरात अशा दोन्ही राज्यांना वाटून जात होती. नऊ वर्षांपूर्वी भांडून वेगळी झालेली भावंडं आता एका चुलीवर आली होती. तारा आमच्या शेतावरून जात. बगळे त्यांच्यावर बसत. आमच्या पाड्यात दिवा लागायला आणखी बरीच वर्षं गेली. त्याची तक्रार मात्र आत्याने कधी केली नाही. तिचं म्हणणं, दूध काढणाऱ्याच्या घरी चहा कोराच असतो.

पुढे १९७४मध्ये पोखरण झालं आणि अमेरिकेचा पारा चढला. तारापूरचं इंधन आज देतो, उद्या देतो असं चालू झालं. इकडे रेशनच्या दुकानात रॉकेलचंही तेच. काका दोन्हीकडच्या टंचाईचे साक्षीदार: दिवसा युरेनियमची, संध्याकाळी रॉकेलची. १९८२मध्ये फ्रान्स पुढे आला, १९९५मध्ये चीन, मग २००१मध्ये रशिया. चीनचं नाव ऐकल्यावर आत्याने कपाळाला हात लावला. ज्यांच्यापायी तिचं सोनं चौदावर आलं, तेच आता तिच्या नवऱ्याच्या कारखान्याला सरपण पुरवत होते.

आणीबाणीचं आत्याकडे एकच टिपण आहे. नसबंदीवाले येणार अशी हाकाटी उठली आणि काका तीन दिवस चिंचणीला मेहुण्याकडे जाऊन राहिले. गाड्या तेव्हा वेळेवर धावत असं लोक म्हणतात. काका परत आले त्या दिवशीची शटल उशिरानेच आली होती, असं ती शपथेवर सांगते.

पण तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा ऐतिहासिक दिवस विचाराल तर तो स्कायलॅबचा. १९७९चा जुलै. अमेरिकेची ७५ टनांहून जड प्रयोगशाळा आकाशातून खाली येणार, कुठे पडणार ते त्यांनाच माहीत नाही. सगळा देश घाबरला होता. पण बोईसर-तारापूरकरांची भीती खास दर्जाची होती. बाकीच्यांच्या डोक्यावर फक्त स्कायलॅब पडणार होतं. आमच्याकडे ते अणुभट्टीवर पडणार होतं. काका घरी सांगत की भिंती जाड आहेत. आत्या विचारी, "किती जाड?" काका हाताने दाखवत. ती त्यांच्या हाताकडे बघे, मग आभाळाकडे.

त्यातून चातुर्मास लागला होता. आषाढी एकादशी होऊन आठवडा होत आला होता आणि आत्या चातुर्मासात मासमच्छी सोडते. तो दिवस बुधवार, ११ जुलै. दुपारी तिने निर्णय घेतला. "चातुर्मास पाळायला पृथ्वी तर राहायला हवी." ऐन पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला, ताजी मासळी औषधाला नाही. उरल्या कोंबड्या. खुराड्यात सात होत्या. आत्याने आधी दोन काढल्या, मग म्हणाली की मागे ठेवून कोणासाठी ठेवायच्या. शेजारच्या घरातूनही तोच फडफडाट ऐकू येत होता. संध्याकाळी सगळ्या वाडीभर वाटणाचा वास सुटला. उधारी ठेवणारे लोक उधारी फेडायला मात्र कोणी आले नाहीत. जग बुडतानाही माणूस काही बाबतींत आशावादी असतो. रात्री तांदळाच्या भाकऱ्या आणि रस्सा हाणून सगळे ओटीवर बसले. काकांनी विडी पेटवली. आत्याने मुलांना अंघोळ घालून धुतलेले कपडे घातले होते, कारण वर गेल्यावर तिथे कोण कोण भेटेल सांगता येत नाही.

दहाच्या सुमारास स्कायलॅब पडलं. ऑस्ट्रेलियात. हिंदी महासागर ओलांडून, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स नावाच्या गावाच्या आसपास त्याचे तुकडे सांडले. तिथल्या नगरपालिकेने उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेला ४०० डॉलरचा दंड ठोठावला. एस्परन्सचं नुकसान एवढंच. आमच्याकडे सात कोंबड्या गेल्या, एक चातुर्मास मोडला, आणि दंड कोणाला करायचा हे शेवटपर्यंत ठरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंडं मागायला आलेल्या शेजारणीला आत्याने काही न बोलता रिकामं खुराडं दाखवलं.

चार दिवसांनी, १५ जुलैला, मोरारजी देसाईंनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. बातमी रेडिओवर आली तेव्हा आत्या पिसं गोळा करत होती. तिने मान वर करून एकच प्रश्न विचारला. "सोनंवाला तोच ना?" तोच, काका म्हणाले. ती पुन्हा पिसं वेचायला लागली. पण त्या दिवशी संध्याकाळी तिने गोड केलं होतं. मोरारजींची जन्मतारीख २९ फेब्रुवारी, हे मी तिला अलीकडेच सांगितलं. एवढी चोख तारीख असून वाढदिवस चार वर्षांनी एकदा, हे ऐकून तिचा राग जरा निवळल्यासारखा वाटला.

ऐंशीच्या दशकात अणुभट्ट्या आणि काका दोघेही थकायला लागले. भट्ट्यांमधली दुय्यम वाफेची यंत्रं गळायला लागली, ती बंद करावी लागली आणि संचांची क्षमता २१०वरून १६० मेगावॅटवर आणली गेली. काकांना जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी जिना बंद केला, विडी बंद केली. भट्ट्यांनी ऐकलं. काकांनी विडी फक्त घरात बंद केली.

केंद्राच्या आसपासच्या गावांमध्ये अधूनमधून आपत्कालीन सराव होतो. भोंगा वाजतो, गाड्या फिरतात, घरात जा, दारंखिडक्या लावून घ्या, असं सांगितलं जातं. अशाच एका सरावाला दोन तरुण कर्मचारी आत्याच्या ओटीवर आले. आत्याने भोंगा ऐकून आधीच कंदिलाला कागद गुंडाळायला घेतला होता. तिच्या डोक्यात १९७१चा डिसेंबर होता, तेव्हा ब्लॅकआऊटमध्ये असंच करायचे.

"आजी, दिवा नाही, खिडक्या लावा. सकाळचे अकरा वाजलेत."

"विमानं नाहीत?"

"नाही. सराव आहे. गळती झाली तर काय करायचं त्याचा."

"गळती ना? मग या आत," आत्या म्हणाली आणि त्यांना माजघरात नेऊन कौलाखाली ठेवलेली तीन पातेली आणि एक परात दाखवली. "त्याचा सराव आम्ही दर जूनला करतो."

दोघांनी चहा घेतला. खिडकीला फळी नव्हती, म्हणून तिथे गोणपाट लावलं. त्यांच्या कागदावर आमच्या घरापुढे 'सहकार्य उत्तम' असं लिहिलं गेलं असावं, असा माझा अंदाज आहे.

हे सगळं हसून सांगता येतं, कारण खुंटीसोबत आमची भिंत शाबूत राहिली. अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांचं तसं झालं नाही. तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी, ५४० मेगावॅटचे ते, २००५ आणि २००६मध्ये सुरू झाले, ही दोन्ही गावं उठवली. समुद्राकाठची माणसं आत वसवली. आत्याची एक मैत्रीण त्यांतली. तिला विचारलं की अमुक कधी झालं, तर ती फक्त दोन भागांत सांगते: गावात असताना आणि गावानंतर. तिच्यासमोर आत्या स्कायलॅबची गोष्ट सांगत नाही.

फुकुशिमाच्या वेळी, मार्च २०११मध्ये, जपानात लाट आली आणि कॅमेरे घेऊन माणसं तारापूर-बोईसरला आली. नेमके त्याच आठवड्यात काका गेले. दारात माणसं बसलेली पाहून एक तरुण वार्ताहर लगबगीने आत आला आणि हळू आवाजात त्याने विचारलं, "अणुऊर्जेमुळे का?"

"नाही रे बाबा," आत्या म्हणाली, "विडीमुळे."

त्याने माइक खाली घेतला. आत्याने त्याला पाणी दिलं. नंतर टीव्हीवर लाटेची चित्रं लागली तेव्हा ती बराच वेळ बघत बसली. "तिकडे हजारो गेले म्हणतात. आपल्याकडचा एकच." आधार कार्डाच्या रांगेत ती उभी राहिली ती त्यानंतर काही महिन्यांनी, काकांच्या पेन्शनच्या कागदांसाठी.

त्यापुढचा इतिहास तिने जरा अलिप्तपणे घेतला. १६ एप्रिल २०१३ला डहाणूपर्यंत लोकल आली. तिने विचारलं, उमरोळीला थांबते का. थांबते, हे कळल्यावर तिचा विषय संपला. जिल्हा झाला तेव्हा तिला एकच चिंता, की आता ठाण्याच्या नातेवाइकांकडे जायचं निमित्त गेलं. सप्टेंबर २०२३मध्ये पापलेटला राज्याचा मासा म्हणून मान मिळाला. "म्हणजे आता खाल्ला तर धरतील का?" धरत नाहीत म्हटल्यावर तिने भाव विचारला, आणि भाव ऐकून म्हणाली की धरायची गरजच ठेवलेली नाही. ३० ऑगस्ट २०२४ला वाढवण बंदराची पायाभरणी पालघरला झाली, ७६ हजार कोटींचं काम. मासेमारी करणारा तिचा एक भाचा काळा झेंडा घेऊन निघाला होता आणि दुसरा, ज्याचे दोन डंपर आहेत, तो मंडपात बसायला. दोघंही आदल्या रात्री तिच्याकडे जेवून गेले. आत्याने दोघांनाही सारखंच वाढलं आणि दोघांनाही छत्री न्यायला सांगितलं.

आणि आता बुलेट ट्रेन. सप्टेंबर २०१७मध्ये अहमदाबादला मोदी आणि जपानचे आबे यांनी पायाभरणी केली, आणि बोईसरला तिचं स्टेशन व्हायचं आहे. मातीचे ढीग, क्रेन आणि आभाळात गेलेले खांब बघायला नातवाने आत्याला रिक्षातून नेलं. तो अगदी उत्साहात होता. ताशी तीनशेच्या वर वेग, आजी, तारापूरचे सायरन कानात शिरेपर्यंत गाडी गुजरातमध्ये. आत्या डोळ्यांवर हात धरून खांबांकडे बघत राहिली.

"आणि जाणार कुठे म्हणालास?"

"अमदाबादला."

"अमदाबादला आपलं कोण आहे?"

नातवाने डोकं खाजवलं. कोणीच नव्हतं. मग त्याला उंबरगाव आठवलं, मावसआजींची नातवंडं अजून तिथे आहेत. पण गाडी तिथे थांबणार नाही. बोईसर सोडलं की एकदम वापी.

"आणि उमरोळीला?"

"नाही ग आजी. उमरोळी दिसणारसुद्धा नाही, इतकी जोरात."

"मग रिक्षा वळव," आत्या म्हणाली. "चार सतराची लोकल मिळाली तर माहेरी भावाला भेटून येऊ."